बांधाचं दार

पिल्लू बासष्ट मिलिमीटर भरलं. अंगावर नऊ काळसर पट्टे होते, कोहो सॅमन माशाचंच. मी ते पाण्यात सोडून आकडा लिहिला. हॅल्वर यांच्या कुरणातल्या चरात सात वर्षांत मला मिळालेला हा पहिला सॅमन. आनंद व्हायला हवा होता.

"काय मासेवाल्या बाई, घावलं का काही?" हॅल्वर बांधावरून म्हणाले. "का आजही चिखलच मोजताय?"

"एक मिळालं. पण आत आलं कसं? भरती चढली की बांधातलं तुमचं दार आपोआप मिटतं ना?"

"दारात ओंडका अडकलाय. रविवारपासून."

खारं पाणी आत शिरलं की गवत जळतं. म्हणून रोज प्रत्येक ओहोटीला हॅल्वर दार साफ करायला यायचे. बायकोला पुरलं त्या दिवशीही आले होते.

"दिसला नाही का ओंडका?"

"दिसला की. बघितला आणि घरी गेलो." हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलले. "गायी विकल्या, व्हर्ना गेली. लेक पोर्टलंड सोडून येत नाही. गवत राखू कुणासाठी?"

हे कुरण विकत घेऊन माशांसाठी पुन्हा पाणथळ करायचं, म्हणून आमची संस्था सात वर्षं त्यांच्या मागे होती. दरवेळी ते 'पुढच्या हिवाळ्यात बघू' म्हणायचे. आज मी विचारलं नाही. मोजपट्टी पुसत राहिले.

"घ्या लिहून, ग्रेटा," ते म्हणाले. "जमीन देतो तुम्हाला. बांध फोडा. फक्त त्या दिवशी मला बोलावू नका."