पांढऱ्या कोटावरचा लिंबू सोडा

जावईबापूंनी दुकानात आल्याच्या तिसऱ्याच दिवशी भिंतीवर तक्ता चिकटवला, तेव्हाच आत्याने त्यांच्यावर मनातल्या मनात फुली मारली. तक्त्यात दोन रकाने होते. आयनिक डाग: पाणी. कोव्हॅलंट डाग: मशीन. खाली लाल रेघ आणि रेघेखाली सही. डागांच्या तक्त्यावर सही ठोकणारा माणूस तिने एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

आत्या म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्या दादाची धाकटी बहीण. मागच्या खोलीतलं डागांचं टेबल तिचं. आलेला कपडा आधी तिच्यापुढे यायचा. पाण्याने जाणारा डाग ती पाण्याने काढायची, तेलकट असेल तो मशीनवर सोडायची, कारण मशीनमध्ये पाणी नसतं, पेट्रोलच्या जातकुळीतलं द्रावक असतं. मग चिठ्ठीवर हिरवी खूण. त्या खुणेशिवाय रुमालसुद्धा मशीनमध्ये जायचा नाही, असा वडिलांपासूनचा नियम.

जावईबापू हे दादाचे जावई. क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. क्लास बंद पडला आणि हे विद्वान दुकानाच्या वाट्याला आले. दादाचे गुडघे आता साथ देत नव्हते, त्यामुळे त्याच्या जागी काउंटरवर कोण बसणार आणि मागची खोली कोण सांभाळणार ते तो या आठवड्यात ठरवणार होता. टेबल जावयाकडे गेलं, की आत्याने काउंटरवर बसून हँगर मोजायचे.

गुरुवारी बँडमास्तर पांढरा लोकरी कोट घेऊन आले.

"रविवारी शेवटचा कार्यक्रम आहे माझा," ते म्हणाले. "उजव्या बाहीवर लिंबू सोडा सांडला होता. वाळल्यावर काही दिसत नाही, पण सांगितलेलं बरं."

आत्याने चिठ्ठीवर तसं लिहिलं आणि कोट मागे नेला. जावईबापूंनी चिठ्ठी वाचली, मग तक्ता वाचला.

"आत्या, सोड्यात असतं काय? साखर. साखर कोव्हॅलंट. म्हणजे थेट मशीन."

"असं होय."

"मिठासारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, नसतात ना तिच्यात. मग पाण्याचा संबंधच येत नाही."

हे सांगताना जावईबापू पेनच्या टोपणाने चहातली साखर ढवळत होते. आत्याने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कपाकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

"शिकलेल्या माणसाचं बरं असतं," ती म्हणाली.

"तसं काही नाही, आत्या. सवयीने येतं सगळं."

टोमणासुद्धा कळू नये, या गोष्टीने तिचं ठरलं. द्रावक साखरेला हातही लावणार नव्हतं. वरून गरम इस्त्री फिरली, की न दिसणारी साखर पिवळी होऊन वर येणार. येऊ दे, दादाला दिसू दे. मग ती सगळ्यांदेखत दहा मिनिटांत डाग काढणार होती. तिने चिठ्ठीवर हिरवी खूण केली.

जावईबापू कामाला वाघ निघाले. बाहीची घडी मनासारखी बसेना म्हणून त्यांनी इस्त्री दोनदा फिरवली, तीही दाबून. शनिवारी सकाळी कोट टेबलावर आला तेव्हा बाहीवर तळहाताएवढा डाग होता, करपलेल्या पावाच्या रंगाचा. आत्याने आधी पाणी लावलं, मग व्हिनेगर, मग थेंबाथेंबाने पेरॉक्साइड. दोन तास गेले. डाग थोडा फिका झाला, पण लोकरच भाजून गेली होती.

बँडमास्तरांनी बाही उजेडात धरली.

"दुसरा पांढरा नाही माझ्याकडे," ते म्हणाले आणि बाही आत दुमडून कोट घेऊन गेले. कोणावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

जावईबापूंचे कान लाल झाले होते.

"चूक माझी आहे, बाबा," ते दादाला म्हणाले. "साखर कोव्हॅलंट आहे, पण ध्रुवीय आहे. पाण्याच्या रेणूला एक टोक थोडं धन, एक थोडं ऋण. साखरेलाही तशी टोकं असतात, म्हणून पाणी तिला ओढून घेतं. मीठ आयनांमध्ये सुटं होतं, साखर अख्ख्या रेणूने जाते, एवढाच फरक. तेलाला अशी टोकं नसतात, म्हणून ते द्रावकात जातं. हे मी अकरावीला दरवर्षी शिकवायचो."

दरवर्षी, आणि तेही चहा पीत पीत, आत्याच्या मनात आलं.

दादाने चिठ्ठी उचलली.

"ही खूण तुझी?"

"माझीच."

"तुला माहीत नव्हतं?"

एकतीस वर्षं साखरेचे डाग काढलेल्या बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती.

"होतं."

दादाने चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली.

"सोमवारपासून पुढे बस. यांना टेबल मी शिकवेन."

"तुझे गुडघे, दादा..."

"स्टूल घेईन."

जावईबापूंनी भिंतीवरचा तक्ता काढला आणि चार घड्या करून खिशात घातला. त्याची घडीसुद्धा त्यांना नीट जमली नाही.

सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या जॅकेटवर संत्र्याचा रस सांडलेला होता. आत्याने चिठ्ठीवर लिहिलं: डावा खिसा, संत्र्याचा रस. आजवर ती एवढंच लिहायची. आज ती थांबली, मागच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि पहिलीतल्या पोराला लिहून द्यावं तशा मोठ्या अक्षरात पुढे लिहिलं: आधी पाणी.