आमच्या घरातला बारीक आवाज

आठ दिवस झाले, आमच्या घरात कसला तरी बारीक आवाज येत होता म्हणे. म्हणे, कारण तो ऐकू येत होता बायकोला आणि वरच्या मजल्यावरच्या घड्याळजीला. मला नाही.

बावीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त करतोय. कॉम्प्रेसर कुठे कुरकुरतोय हे मी एकेकाळी दारातूनच सांगायचो. आणि माझ्याच घरातला आवाज शोधायला हा माणूस येणार, बोटभर स्क्रू-ड्रायव्हर खिशाला लावून? माझं डोकंच फिरलं.

रोज संध्याकाळी तो यायचा. दोघं डोळे मिटून भिंतीला कान लावायचे.

"इथे जास्त आहे ना, वहिनी?"

"हो, पण मघापेक्षा बारीक."

बारीक काय नि जाड काय, मी आपला मधे पक्कड घेऊन खांबासारखा उभा. एकदा चिडून मेन स्विचच खाली ओढला. दोघं एकदमच म्हणाले, "आहे अजून." माझा नुसता जळफळाट झाला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आम्ही दोघं असं एकदम एकच वाक्य कधी बोललो नव्हतो.

कॉम्प्रेसरजवळ राहून राहून माझे कान गेलेत, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. हल्ली कामावर मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतो नि मूठ दातात धरतो. थरथर कळते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काय अनुभव आहे माणसाचा. हे बायकोला कळलं असतं तर मी तिच्या नजरेतून उतरलो असतो. आणि वर तो घड्याळजी होताच, दिवसभर टिकटिक ऐकणारा.

शुक्रवारी मी ठरवूनच घरी आलो. ती भाजी निवडत होती. मी ओट्यापाशी डोळे मिटले, मान जरा वाकडी केली आणि म्हणालो, "आज मलाही येतोय बरं का. इथे, फ्रीजच्या मागे."



"सकाळीच बंद झाला तो," ती म्हणाली. "त्यांनी शोधला. दारावरच्या बेलचा ट्रान्सफॉर्मर. मेन बंद असला तरी बेल वाजावी म्हणून तुम्हीच त्याची वायर मेनच्या आधीपासून घेतली होती ना."

माझीच वायर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं."

तिने भाजी बाजूला सारली. "दोन वर्षं मी इथे पाठमोरी बोलतेय. तुम्ही ओ देत नाही. मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

"मला तसं सांगायचंस तरी."

"तुम्हाला कुठलं सांगते? जो ऐकत होता त्याला सांगितलं."

"काय काय सांगितलंस?"

तिने उत्तर दिलंही असेल. तोवर ती ओट्याकडे वळली होती. मी तिच्या आणि ओट्याच्या मधे जाऊन उभा राहिलो, तिचं तोंड दिसेल असा.

"परत सांग," म्हणालो. "त्याला सांगितलंस ते सगळं. पहिल्यापासून."