जागचा न हललेला काटा

मित्रांनो, धुतलेले हात पाहिले की मला किळस येते. तुम्ही नाक मुरडाल, पण आधी माझी हकिगत तर ऐका. मी नायट्रोजन वायूचा एक जुना सिलिंडर आहे. उंचीला तुमच्यातल्या एखाद्याच्या खांद्याला लागेन. रंग करडा, अंगावर ठोकलेले आकडे, जागोजागी पोचे. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट नावाची नव्या घरांची वस्ती आहे. तिथल्या एका व्हॅनमध्ये पट्ट्याने जखडून मला ठेवलेलं असतं.

माझा जन्म लालभडक तापलेल्या पोलादातून झाला. दाबून, ताणून मला असं घडवलं की अंगाला कुठे सांधा राहिला नाही. मग पोटात पाणी भरून इतका दाब दिला की माझ्या जागी दुसरा कुणी असता तर गयावया करू लागला असता. मी टिकलो, तेव्हा कुठे कारखान्याबाहेर पडलो. परीक्षा म्हणजे काय, हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

माझ्या पोटातला वायू म्हणजे साधा माणूस. ना रंग, ना वास, ना कुणाशी भांडण. तुमच्या प्रत्येक श्वासात पाऊण वाट्याहून जास्त तोच असतो, पण नाव मात्र ऑक्सिजनचं होतं. महामारीच्या त्या वर्षी तर जो तो ऑक्सिजनचा जप करत होता. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. असो.

माझी कामं दोन. एसी बसवताना तांब्याच्या नळ्या जोडतात. सांधा झाळताना, म्हणजे आगीच्या झोताने जोडताना, तांबं लालबुंद होतं आणि नळीत साधी हवा असेल तर आतून काळे पापुद्रे धरतात. पुढे ते पापुद्रे सुटतात, यंत्रात जातात आणि त्याचा घास घेतात. म्हणून झाळताना माझा वायू नळीतून हळूहळू वाहता ठेवायचा. मग नळी आतून नव्या तांब्यासारखी लख्ख राहते. हे पहिलं काम. दुसरं काम परीक्षेचं. जोडकाम झालं की माझा वायू नळीत दाबून भरायचा, वरून बंद करायचं आणि दाबमापकाचा काटा बघत थांबायचं. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. ह्यात हुशारी फारशी नाही, थांबण्याची तयारी लागते. आणि माणसाला नेमकं तेच जमत नाही.

माधवने मला विकत घेतलं तेव्हा तो असा नव्हता, हे मी इमानाने सांगतो. ठाण्याहून शिकायला आलेला, पुढे इथेच स्थायिक झालेला, एसीचं काम शिकून स्वतःचा धंदा काढलेला माणूस. गिऱ्हाइकापुढे माझ्या पाठीवर थाप मारून तो सांगायचा की ह्याच्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. ते ऐकून माझी छाती फुगायची. पण टार्निटमध्ये नवी घरं पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखी उगवू लागली. एका दिवसात एक घर करणारा माधव तीन घरं करू लागला, आणि तिन्ही ठिकाणी मला व्हॅनमधून उतरवण्याचा त्याला कंटाळा येऊ लागला. आधी झाळताना मी नकोसा झालो. मग परीक्षा आखडली. स्वतःच्या घरी एसी बसवला तेव्हा मात्र ह्याच गृहस्थाने मला दोन दिवस भिंतीशी उभं केलं होतं. येता-जाता काटा बघत होता. तिथे त्याची आई झोपणार होती ना.

मग महामारी आली. मेलबर्नचे दरवाजे बंद झाले आणि सगळ्यांना अचानक स्वच्छतेचा झटका आला. माधव तर दर तासाला हात धुवायचा. मला उतरवलं की माझ्यावर सॅनिटायझरचे फवारे मारायचा. माझ्या पाठीवरचं लेबल त्या माऱ्याने फिकट पडलं. गिऱ्हाइकं लांबूनच बघत. कुणी घरात फार वेळ थांबायचं नाही, म्हणून माधवने नवी रीत काढली. मला नळीला जोडायचं, काटा वर चढवायचा, त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि लगेच वायू सोडून द्यायचा. फोटो व्हॉट्सॲपवर गेला की परीक्षा संपली. बाहेरून इतका चकचकीतपणा आणि नळीच्या आत काजळी.

त्याच्या हाताखाली हृषीकेश काम करायचा. पुण्याचा मुलगा, शिकायला म्हणून आलेला, नुकताच इथला कायमचा रहिवासी झालेला. काम चोख, पण मुखदुर्बळ. माधवदादा म्हणेल ती पूर्व दिशा. ह्याला कारण होतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या लॉकडाऊनमध्ये ह्या पोराची नोकरी गेली, घरमालकाने तोंड फिरवलं. तेव्हा माधव रोज व्हॅन घेऊन निघायचा आणि हृषीकेशसारख्या अडकलेल्या मुलांच्या दारात वरणभाताचे डबे ठेवून यायचा. ते डबे माझ्याच शेजारी रचलेले असत. आभार मानले तर माधव रागवायचा. मित्रांनो, माणूस नुसता वाईट असता तर मला त्याची एवढी शिसारी आली नसती. एका हाताने अन्न देणारा दुसऱ्या हाताने घाण करतो, ते बघवत नाही.

डिसेंबरच्या तोंडावर, इथला उन्हाळा सुरू होताना, आम्ही चित्रलेखाच्या घरी गेलो. ही आयटीत नोकरी करणारी बाई. तिचे वडील प्रल्हादनाना फेब्रुवारीत लेकीला भेटायला आले आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकले. नानांना जुना दमा. आदल्या उन्हाळ्यात इथे माणसं कशी भाजून निघाली हे ऐकून चित्रलेखाची झोप उडाली होती, कारण नानांची खोली पश्चिमेची. परवापासून पारा चाळिशीवर जाणार असं रेडिओ सांगत होता. एसी तिला त्याआधी हवा होता आणि नीट हवा होता.

पहिल्या दिवशी माधवने छपराखालच्या पोकळीत सांधा झाळला. हृषीकेश खालून म्हणाला की नायट्रोजन वर आणू का. माधवने राहू दे म्हटलं. एवढं धूड शिडीवरून कोण चढवणार? वरून जळक्या तांब्याचा वास आला आणि आत काय झालं असेल ते मी समजलो. हृषीकेशही समजला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोची वेळ आली. पण नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आयुष्य पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेलेलं, त्यामुळे दाबमापक दिसल्यावर त्यांचा जीव हरखला. त्यांनी सांगितलं की आम्ही नळ टाकला की दिवसभर दाबाखाली ठेवायचो, तुम्हीही ठेवा, मी इथेच बसलोय, मला तरी दुसरं काय काम आहे? चित्रलेखानेही तेच लावून धरलं. माधवला नाही म्हणता येईना. तो हसून दुसऱ्या घराच्या कामाला गेला, आणि हृषीकेशला बाहेरचं यंत्र बसवायला मागे ठेवलं.

मेलबर्नची हवा तुम्हाला माहीत आहे. सकाळी नाना स्वेटर आणि कानटोपी घालून बसले होते. दुपारी वाळवंटाकडून वारा सुटला आणि भिंतीला हात लावला तर चटका बसू लागला. नाना सावलीत सरकले, पण काट्यावरून नजर हलवली नाही. मुखपट्टी हनुवटीवर ओढून मधूनमधून धाप टाकत होते. चित्रलेखा आतून दोनदा येऊन त्यांना दम्याचा पंप देऊन गेली.

दुपारी माधव परत आला. हातांना सॅनिटायझर चोळत त्याने काटा पाहिला आणि म्हणाला, "बघा नाना, जागचा हलला नाही. टेस्ट पास. उद्या आर्वोपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, खोली गार."

चित्रलेखाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती चहा टाकायला वळणार, एवढ्यात नाना बोलले. त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "सकाळी मी कानटोपीत होतो, आता बनियनवर आलोय. आमच्या नळात पाणी असायचं, ह्यात तर हवा. एवढं तापलं तरी ह्याला काहीच कसं झालं नाही?"

"चांगल्या कामाचं लक्षण आहे ते, नाना," माधव म्हणाला. "हृषी, सांग ना रे."

मित्रांनो, बंद नळीतला वायू तापला की फुगू बघतो आणि काटा वर चढतो. चढायलाच हवा. इतक्या उन्हात तो जागचा हलला नाही, ह्याचा अर्थ एकच. जेवढा तापून चढला, तेवढाच कुठूनतरी निसटत होता. पुढे त्याच फटीतून एसीचा खरा, गारवा देणारा वायू नानांच्या बंद खोलीत झिरपला असता. ऐन चाळिशीत यंत्रानेही मान टाकली असती. हे सगळं हृषीकेशला कळत होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी लोखंडाचा. हृषीकेशने हातातला पाना पुसला, परत पुसला.

"नाही नाना," तो म्हणाला. "चढायला हवा होता. गळतंय कुठेतरी."

माधव हसतच त्याला व्हॅनपाशी घेऊन आला. मी तिथून चार पावलांवर होतो. त्याने आवाज चढवला नाही. "मी तुला जेवायला घातलंय, हृषी."

"हो दादा. म्हणून तर कालपर्यंत गप्प बसलो."

माधवने पुन्हा हातांना सॅनिटायझर चोळला. मग म्हणाला की एवढं कळतं तर शोध तूच, आणि व्हॅन घेऊन निघून गेला. झाळायचं सामान आणि मी अंगणातच राहिलो.

हृषीकेश भट्टीसारख्या तापलेल्या छपराखाली चढला. सांध्यावर साबणाचं पाणी लावताच बारीक बुडबुडे आले. त्याने माझा वायू सोडून दिला, सांधा कापला आणि तुकडा खाली आणून कागदावर आपटला. काळे पापुद्रे भुरभुर पडले. गेलं वर्षभर दुधाच्या बाटल्या पुसून घरात घेणारी चित्रलेखा त्या कागदाकडे चपलेला लागलेल्या घाणीकडे बघावं तशी बघत राहिली. नानांनी मुखपट्टी वर ओढली. हृषीकेशने बोटं पँटला पुन्हा पुन्हा पुसली. ही कुणा परक्याची घाण नव्हती. शेजारी उभं राहून त्याने ती होऊ दिली होती.

मग त्याने आणि नानांनी मला शिडीच्या पायथ्याशी नेलं. लांब रबरी नळी जोडून माझा वायू हळूहळू वर सोडला आणि हृषीकेशने त्या झोताने तांब्याची सगळी नळी झटकून नवा सांधा झाळला. कितीतरी वर्षांनी मी माझं खरं काम केलं. पुन्हा दाब भरला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळच्या गारव्यात काटा किंचित बसलेला होता. नाना चहाचा कप घेऊन समोर बसले. ऊन भिंतीवर आलं, काटा हलला, आणि दुपार होईतो चांगला वर गेला.

"चढला," नाना म्हणाले, आणि डोळे पुसले.

त्याच तिसऱ्या दिवशी पारा चाळिशी ओलांडून गेला, आणि संध्याकाळच्या आत हृषीकेशने एसी चालू करून दिला. पश्चिमेच्या खोलीत नाना पांघरूण घेऊन शांत झोपले होते, असं चित्रलेखाने मला न्यायला आलेल्या माधवला दारातच सांगितलं. तो म्हणाला, "नो वरीज ताई, आपली पोरं काम एकदम थरो, चोख करतात." हृषीकेशने त्याची नोकरी सोडली होती. जाण्याआधी त्याने माझा व्हॉल्व घट्ट बंद करून माझ्या खांद्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली होती.

ह्याला आता काही महिने झाले. त्या कामात मी रिता झालो आणि माधवने मला परत भरून आणलेलं नाही. नळीत तो दुसरीच कसली तरी हवा मारतो, पण शेजारी मला उभं करतो, कारण नायट्रोजनचा सिलिंडर दिसला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. फोटो काढण्याआधी मला स्वच्छ पुसून घेतो. मी रिकाम्या पोटाने दुसऱ्यांच्या अंगणात उभा राहतो आणि मला माझीच किळस येते.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कुणी नळ्या जोडाल, कुणी पूल बांधाल, कुणी औषधं बनवाल. हात धुवा, जरूर धुवा. पण जे झाकलं जाणार आहे, जिथे कुणाचा डोळा पोचणार नाही, तिथलं काम आधी स्वच्छ करा. माझ्यासारख्याला भरून आणा आणि काटा बघत थांबा. त्या खोलीत झोपणारं माणूस तुमचं कुणी नसलं तरी थांबा.