पलीकडची दोरी

"मासासुद्धा तोंड उघडतो हो," डब्यात गांडुळं भरणाऱ्या नवऱ्याला बायको म्हणाली. "तुम्हाला काय झालंय?"

पंपवाल्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"बारा वाजता ट्रक येणार. भावोजी आज गेले की गेले. त्यांच्या मुलाचं गाव काही हाकेच्या अंतरावर नाही. मी चाललेय त्यांच्या घरी भांडी बांधायला. तुम्ही निदान..."

"बोलतो म्हटलं ना."

"अकरा वर्षं हेच ऐकतेय," असं म्हणून तिने चपला पायात सरकवल्या आणि ती निघाली.

उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलेला हा माणूस. नुसत्या आवाजावरून मोटरचं कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचं डोकं जरा उशिराच चालायचं. निवृत्त झाला तरी लोक त्याला पंपवालाच म्हणत. धाकटा भाऊ एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. दोघांचा अबोला साऱ्या गावाला ठाऊक होता, आणि गंमत अशी की दर सुट्टीला दोघंही त्याच नदीवर, एकमेकांसमोर मागूर मासे धरायला बसायचे. हा अलीकडच्या काठावर, तो पलीकडच्या. नदी तरी केवढी? एक खोकला की दुसऱ्याला ऐकू जायचं.

अबोल्याचं कारण आई. तिला आपल्या खाटेवरच मरायचं होतं, तसं तिने दोघांना सांगूनही ठेवलं होतं. एका सकाळी तिला धाप लागली, तेव्हा कंपाउंडरने तिला उचललं आणि इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी ती तिथेच गेली. इस्पितळाच्या पायरीवर, चार लोकांदेखत, पंपवाला भावाला म्हणाला, "तूच मारलंस तिला."

घरी ठेवली असती तर ती तो एक दिवसही काढू शकली नसती, असं डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं. महिन्याभरात पंपवाल्याला ते पटलंही. पण पटणं निराळं आणि जाऊन सांगणं निराळं. आधी राग आडवा आला. तो गेला तेव्हा लाज येऊन बसली, आणि ती काही उठायचं नाव घेईना.

अबोल्यातही एक रीत मात्र मोडली नव्हती. ती वडिलांनी लहानपणी घालून दिलेली. एकाच्या गळाला मासा लागला की दुसऱ्याने आपली दोरी ओढून घ्यायची, म्हणजे गुंता होत नाही. आणि नदीच्या मध्यापलीकडे कुणी गळ टाकायचा नाही. पंपवाला काठी धरून उभा राहिला की आधी समोर बघायचा. पलीकडची दोरी सरसर वर यायची, मग हा माशाला ओढायला लागायचा. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

तो काठावर पोहोचला तेव्हा कंपाउंडर आधीच घडीच्या स्टुलावर बसला होता. घरात सामानाची धांदल आणि हा इथे. म्हणजे यालाही काही ऐकायचं असणार.

वाक्य तयार होतं. आठवडाभर घोकलं होतं. 'त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुझा काही दोष नव्हता.' त्याने गळ टाकला, घसा खाकरला. कंपाउंडरने मान वर केली. पंपवाला बाजूला थुंकला आणि पाण्यावरच्या बुचाकडे बघत राहिला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी कंपाउंडरने मान वर केलीच नाही.

दहाच्या सुमाराला बूच थरथरलं आणि तिरकं चालू लागलं. मागूर असाच जातो, घाई नाही, गडबड नाही. पंपवाला उठला, त्याने समोर बघितलं. पलीकडची दोरी वर आली. त्याने हिसका दिला तेव्हा कळलं की मासा दांडगा आहे. तो थेट पलीकडे धावला आणि कंपाउंडरच्या काठाखालच्या मुळांत जाऊन अडकला. ओढावं तर दोरी तुटणार.

कंपाउंडरने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात उतरला. खाली वाकून तो मुळांत चाचपडू लागला. मागुराच्या कल्ल्यांमागे दोन बाजूंना दोन काटे असतात, लागला तर हात दिवसभर ठणकतो. लहानपणी याच नदीवर धाकट्याला तो लागला होता आणि तो घरापर्यंत भोकाड पसरत गेला होता. त्यानंतर मासा धरायचा म्हटलं की आई दारातूनच ओरडायची.

"काटा सांभाळ रे!"

शब्द तोंडातून गेले तेव्हा पंपवाला स्वतःच दचकला.

कंपाउंडर क्षणभर तसाच वाकून राहिला. मग काट्यांच्या मागून बोटं घालून त्याने मासा वर काढला. हातभर लांब, काळाभोर, मिशा हलवत होता.

"सांभाळलाय," तो म्हणाला.

त्याने गळ सोडवून दिला. आता मासा त्याच्या काठावर आणि मासा धरणारा या काठावर. पूल तर पार गावाच्या टोकाला.

"वहिनी घरीच आहे आमच्या," कंपाउंडर म्हणाला. "तिच्याकडे देतो."

"हं," पंपवाला म्हणाला.

ओल्या गोणपाटात मासा गुंडाळून कंपाउंडरने स्टूल मिटलं, काठी खांद्याला लावली. निघायचं तर तो निघेना.

"येतो, दादा."

पंपवाल्याने नुसती मान हलवली. डोक्यावर टोपी, तिची सावली तोंडावर. पलीकडून ते हलणं त्याला दिसलं की नाही, देव जाणे. कंपाउंडर झाडांआड गेला, त्याच्या पावलांचा आवाजही विरला.

"त्या दिवशी मी चुकीचं बोललो," पंपवाला म्हणाला. चांगलं मोठ्याने, स्पष्ट म्हणाला. "तुझा काही दोष नव्हता." पलीकडे स्टुलाच्या पायांच्या चार खुणा तेवढ्या चिखलात उमटलेल्या होत्या.

बारा वाजून गेले. लांब रस्त्यावर एक जड गाडी गियर बदलत चढ चढली. आवाज ऐकूनच त्याला कळलं की गाडी भरलेली आहे. तो घरी गेला नाही.

उन्हं कलली तेव्हा बूच पुन्हा तिरकं चाललं. पंपवाला काठी धरून उठला आणि समोर बघत थांबला. पलीकडची दोरी वर यायची वाट बघत थांबला. आपण कशासाठी थांबलोय हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर हातातली ओढ सैल पडली होती.

त्याने गळ वर घेतला. गांडूळ गेलं होतं. त्याने दुसरं लावलं. आता सगळी नदी त्याचीच होती, कुठेही टाकावा. त्याने हात मागे घेतला आणि गळ टाकला तो अलीकडेच, आपल्या अर्ध्यात.