मातीला साखर घालणारी काथवट

वेरोंकाचे अंब्रुशशी लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. हंगेरीतल्या वाळूच्या माळावर रोमा या भटक्या जमातीतल्या एका कारागिराने मला पॉप्लरच्या ओंडक्यातून कोरून काढले.

वेरोंका माझ्यात पावाची कणीक मळत असे. माझ्या कडांना चिकटलेले आंबट पीठ ती कधी पुरते धूत नसे. त्यातल्या न दिसणाऱ्या जिवांमुळेच पुढचा पाव फुगायचा. मग गावात पावाचे दुकान आले आणि मी गोठ्यात गेले. माझ्यात कोंबड्या बसू लागल्या. आधी वाईट वाटले, पण अंडी उबदार असत.

अंब्रुश मेंढपाळ होता. त्याच्या बापाच्या कुरणावर पूर्वी ‘पोरक्या पोरीचे केस’ नावाचे चंदेरी गवत डुलायचे. मेंढपाळ त्याचा तुरा टोपीत खोवत. पुढे बाहेरून आणलेली आकाचची काटेरी झाडे तिथे पसरली आणि गवत गेले. म्हातारपणी डॉक्टरांनी अंब्रुशचे हृदय थकल्याचे सांगितले, तेव्हा त्याने एकच हट्ट धरला. ते गवत त्याला पुन्हा त्या कुरणावर बघायचे होते.

त्याने झाडे तोडली. माती दुबळी झाली असेल म्हणून प्रेमाने गाड्या भरभरून मेंढीखत टाकले. उगवले ते कमरेएवढे तण.

शेजारचा गाश्पार मधमाश्या पाळायचा. तो म्हणाला, "झाडं होती तेव्हा मध तरी मिळायचा. आता माश्यांनी काय तण चोखायचं?"

मातीचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, उलटं केलंत. आकाचच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, तेच मातीला खत पुरवतात. ही माती आधीच तुडुंब जेवलीय, आणि तुमचं गवत गरीब वाळूतलं. भुसा आणि साखर टाका. मातीतले जीव ते खाताना जादा खतही गिळतील."

"मातीला उपाशी ठेवू?" अंब्रुश चिडला.

"कणकेत साखर पडली की खमीर किती अधाशी होतं, ते मी जन्मभर बघतेय," वेरोंका म्हणाली. "तू फावडं घे."

तिने कोंबड्यांना हुसकून मला बाहेर काढले. मी भुसा वाहिला, साखर वाहिली.

"वहिनी, कुरणाचा चहा करताय? दूध आणू का?" गाश्पारने कुंपणावरून विचारले.

"आण की! आणि तुझ्या माश्यांना सांग, ही साखर त्यांची नव्हे."

जुन्या दफनभूमीत ते गवत टिकून होते. त्याचे बी आणि मुळांखालची थोडी माती वेरोंकाने माझ्यात भरून आणली. मुळांना पाणी पोचवणारी बारीक बुरशी त्या मातीत होती. पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही. दुसऱ्या वर्षी चार काड्या आल्या. आकाचचे फुटवे दोघे खुडत राहिले. चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात कुरण चंदेरी झाले. अंब्रुशने एक तुरा टोपीत खोवला आणि दुसरा गाश्पारला दिला.

मित्रांनो, कुणालाही भरवण्याआधी त्याला भूक आहे का, ते पाहा. मातीलासुद्धा विचारा.

अंब्रुश त्याच वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरात, वारला.