जाड काठाची थाळी

तिसरी थाळीही उसात गेली, तेव्हा हंबीररावांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. नाडी सुटलेली नव्हती. पण मागे बायको आणि जावई उभे होते, आणि त्यांच्याकडे लगेच वळून बघायची हंबीररावांची तयारी नव्हती.

"मामा, मी आणतो," जावई जयराज म्हणाला.

"तुमी ऱ्हावा. माझी हाय, मीच काढतो."

पाच मिनिटं नुसतं पाचट वाजत राहिलं. बाहेर आले ते कपाळावर उसाच्या पात्याचा ओरखडा घेऊन. लाल थाळी मात्र हातात होती. सुलाबाईंनी पदराआड हसू लपवलं, म्हणजे ते त्यांना नीट दिसेल अशा बेतानं लपवलं.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका बंद कारखान्यामागच्या माळावर जयराजनं आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ मांडला होता. लोखंडी खांब, वर साखळ्यांची झालर आणि खाली टोपली, अशा नऊ टोपल्या झाडाझुडपांत उभ्या केलेल्या. लांबून थाळी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. याला डिस्क गोल्फ म्हणतात. हंबीररावांच्या गावात 'ताटं फेकायला जात्यात' असं म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

थाळ्या दिसायला एकसारख्या, पण गुण वेगळे. पातळ, धारदार काठाची असते तिला ड्रायव्हर म्हणतात. ती लांब जाते, मात्र हाताला तेवढा वेग नसेल तर लवकरच डावीकडे कोसळते. जाड, गोल काठाची असते तिला पटर म्हणतात. ती सावकाश जाते, पण जशी टाकाल तशी जाते. हंबीररावांच्या पिशवीत अकरा थाळ्या होत्या आणि अकराच्या अकरा धारदार. निवड त्यांची स्वतःची होती. विळ्याची धार बघावी तसा ते काठावरून अंगठा फिरवायचे, थाळी तळहातावर तोलायचे आणि सगळ्यांत पातळ, सगळ्यांत जड असेल ती घ्यायचे. पोरवयात तालमीत जड गदा फिरवलेली, पुढे पलटणीत ग्रेनेड फेकण्यात तीन वर्षं पहिला नंबर. हलकं आणि बोथट काही चांगलं असतं, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं.

थाळ्या डावीकडे कोसळतात यावर त्यांनी उपायही काढला होता. टोपलीवर नेम धरायचाच नाही. तिच्या बऱ्याच उजवीकडे मोबाइलचा टॉवर होता, त्यावर धरायचा. दहातली एखादी वळून टोपलीजवळ यायची. बाकीच्यांना डावीकडचा ऊस होताच.

"मामा, महिनाभर फक्त पटर टाका," जयराज जपून म्हणाला. "धावत यायचं नाही, उभ्यानंच टाकायची. ही धारेची थाळी हातातली चूक कळू देत नाही. पटर लगेच दाखवते."

"ती बायकांची थाळी," हंबीरराव म्हणाले. "ती मी टाकू व्हय?"

सुलाबाईंच्या हातात त्या वेळी तीच होती. निळी, जाड काठाची. सुरुवातीला त्या फक्त डबा घेऊन येत आणि निलगिरीखाली बसून राहत. एकदा जयराजनं गमतीनं ती थाळी त्यांच्या हातात दिली आणि ती सरळ गेली. दुसरीही सरळ गेली. तेव्हापासून चार महिने त्या तेवढी एकच थाळी टाकत होत्या. आता महिन्यानं सांगलीला जोड्यांच्या स्पर्धेत नवराबायकोचं नाव दिलेलं होतं. दोघांनी फेकायचं आणि ज्याची थाळी बरी पडेल तिथून दोघांनी पुढची टाकायची, असा जोडीचा नियम. सरावात हंबीररावांची एकही फेक अजून कामाला आली नव्हती.

सुलाबाईंनी थाळी पिशवीत घातली आणि डबा उघडला.

पुढच्या रविवारी हंबीरराव सहालाच तयार होऊन मोटारसायकल पुसत बसले. सुलाबाई गोठ्यातून बाहेर आल्या त्या शेणाचे हात घेऊन.

"चल की. उशीर हुतोय."

"तुमी जावा. मला न्हाई यायचं."

"का? बरं न्हाई व्हय?"

"बरी हाय." त्यांनी हात धुतले. "आन् सांगलीचं नाव काढून टाका म्हणावं जयराजला. बायकांची थाळी घिऊन मी कशाला येऊ तुमच्या जोडीला?"

हंबीरराव फडकं हातात धरून उभे राहिले.

"आगं, तसं बोलायची पद्दत असती."

"बोलायचं न्हाई वाटलं मला." सुलाबाई जोत्यावर बसल्या. "आवं, तुमी अठ्ठावीस वर्सं पलटणीत. मग धा वर्सं पुण्याला बँकंच्या दारात. मी हितं एकटी. त्याचं काय न्हाई, नोकरीच तशी. पण आता कुटं आयतवारचं दोघं मिळून काय तरी करायला लागलो, तर तितंबी मी टोपलीपाशी एकटी आन् तुमी उसात."

हंबीररावांना हे लागलं, कारण घरी येऊन दोन वर्षं झाली तरी ते या घरात पाहुण्यासारखे राहत होते आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. काय पेरायचं, म्हैस कधी विकायची, हंबीररावांच्या आईला शेवटी कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सगळं सुलाबाईंनी एकटीनं ठरवलं होतं. आता ते घरात असूनही त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. विचारणार तरी काय? घराला त्यांच्यावाचून चालायची सवय झाली होती. रात्री जेवताना दोघांत बोलायला विषय नसायचा. रविवारी माळावर मात्र वाऱ्यावरून, झाडांवरून, जयराजच्या टोपीवरून बोलणं निघायचं आणि ते घरी येईपर्यंत टिकायचं. ते गेलं असतं तर मग उरलंच काय असतं?

त्यांनी फडकं झटकून वाळत घातलं.

"तुझी थाळी देतीस मला?" त्यांनी विचारलं.

"माझी न्हाई द्यायची. ती माझ्या हाताला बसलीया." मग त्या उठल्या. "तुमची तुमाला बघू."

घरचं आवरून माळावर पोचेपर्यंत दुपार झाली होती, बाकीचे खेळून गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांच्या जुन्या थाळ्यांचं खोकं असायचं. हंबीररावांनी पहिली थाळी उचलली आणि अंगठा आपोआप काठाकडे गेला.

"धार कशाला बघताय? कापायचं काय हाय?"

त्यांनी अंगठा मागे घेतला. सुलाबाई एकेक जाड थाळी त्यांच्या हातात देत गेल्या. थाळी धरायची, सहज धरायची, मूठ आवळायची नाही. मग त्या ती ओढून बघायच्या. एक हातात रुतत होती, एक निसटत होती. एक पिवळी, काठ घासून मऊ झालेली, कुणाचं तरी नाव पुसलेली थाळी मात्र त्यांच्या बोटांत अलगद बसली. तोलून बघितली तर अगदी हलकी. हंबीररावांना ती हातात आहे असं वाटेनाच.

"ही," सुलाबाई म्हणाल्या.

"ही तर जुनी हाय."

"मग तुमी काय नवं हायसा?"

पहिली फेक त्यांनी नेहमीसारखी टॉवरवर नेम धरून, खांद्याचा सगळा जोर लावून टाकली. थाळी हवेत डगमगली आणि जराही न वळता टॉवरकडे गेली. दुसरी टोपलीकडे बघून टाकली, तरी तिकडेच. एवढे महिने थाळ्या बिघडलेल्या आहेत असं हंबीरराव समजत होते, आणि बिघाड कुठे आहे ते आता भर दुपारी पिवळ्या रंगात समोर पडलेलं होतं.

"टॉवरकडं टाकली, टॉवरकडं गेली," सुलाबाई म्हणाल्या. "तिनं तुमचं ऐकलं की."

"हात असा वाकडा जातोय व्हय माझा?"

"जातोय. खांद्यानं ढकलताय तुमी. कडब्याची पेंढी गंजीवर कशी फेकत्यात?"

"ते काम म्या कवा केलं?"

"न्हाई केलंसा. म्हणून तर सांगतीया. आदी कंबर फिरती. हात मागनं येतो, त्याला काय करायचं नसतं."

त्यांनी थाळीशिवायच करून दाखवलं. कंबर फिरली आणि हात तिच्या मागून छातीजवळून सरळ निघून गेला. अडतीस हंगाम गंजी रचलेली ती कंबर होती. हंबीरराव बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेबरोबरच बरंही वाटलं. कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलंय याचं बरं.

मग तीन आठवडे त्यांनी दुसरी थाळी हातात घेतली नाही. रोज संध्याकाळी खळ्यावर, उभ्यानंच, आंब्याच्या बुंध्याकडे. अर्ध्या फेकी डगमगायच्या. सुलाबाई धार काढता काढता गोठ्यातून ओरडायच्या, "खांदा!" आणि हंबीरराव मुकाट्यानं थाळी आणायला जायचे.

सांगलीला नऊ जोड्या होत्या. नदीकाठच्या मैदानावर चिंचांमधून टोपल्या लावलेल्या. वय बघून एका पोरानं त्यांना नमस्कार केला, आणि नंतर पहिल्या सहा टोपल्यांत त्यांच्यापेक्षा बऱ्याच कमी फेकी घेतल्या. सहाही टोपल्या सुलाबाईंच्या निळ्या थाळीवरच पार पडल्या. हंबीररावांच्या फेकी आता डावीकडे कोसळल्या नाहीत, सरळ गेल्या, पण प्रत्येक वेळी दहा पावलं कमी पडल्या. जयराज लांबून टाळ्या वाजवत होता. हंबीररावांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

सातव्या टोपलीला वाऱ्याची झुळूक आली. सुलाबाईंची थाळी चिंचेच्या फांदीवर आपटली आणि खाली काटेरी झुडपात गेली.

"गेली," त्या म्हणाल्या.

हंबीरराव पुढे आले. मागचा एक पोरगा म्हणाला, "काका, ड्रायव्हर टाका, लांब जाईल." त्यांनी मान हलवली आणि पिवळीच हातात ठेवली. मूठ सैल केली. टोपलीकडे बघितलं, फक्त टोपलीकडे. कंबर फिरली, हात मागून आला. थाळी फार लांब गेली नाही. डगमगली मात्र नाही. दोन चिंचांच्या मधून, जमिनीला धरून सरळ गेली आणि मोकळ्या गवतावर जाऊन आडवी झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण फेक साधीच होती. हंबीरराव मात्र ती जिथे पडली होती तिकडे बघत उभे राहिले.

सुलाबाई झुडपाशी गेल्या, काट्यातून आपली निळी थाळी काढली, पदराला पुसली आणि गवत तुडवत पिवळ्या थाळीपाशी आल्या. तिच्या मागे पाय रोवला. समोर आणखी एक चिंच टोपलीच्या बरोबर आडवी होती. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मग मागे वळल्या.

"आवं, हितनं कसं करू? डावीकडनं टाकू का उजवीकडनं?"

हंबीररावांनी घाई केली नाही. ते चालत पुढे गेले, खाली वाकून फांद्यांखालची जागा बघितली, चिमूटभर गवत उडवून वारा बघितला आणि परत आले.

"उजवीकडनं," ते म्हणाले. "जागा हाय."

"बरं," सुलाबाई म्हणाल्या, आणि उजवीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.