कोणाला दुखतंय?

मी कानाचं मशीन आहे. ऑरिन लिंडक्विस्ट यांच्या उजव्या कानातलं. शेंगदाण्याएवढा माझा जीव, पण सगळ्या जगाची कटकट माझ्यातूनच आत जाते. दमलोय हो अगदी.

कारखान्यात झालो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑरिनच्या कानाचा साचा घेऊन मला बसवलं आणि त्यांच्या बायकोने, ग्रेटाने, हाक मारली तेव्हा म्हातारा दचकला. "अगं, ओरडतेस काय?"

"इतकी वर्षं ओरडतच होते. आज पोचलं म्हणायचं," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

कॅलिफोर्नियातल्या एका टेकडीवर त्यांची सफरचंदांची जुनी वखार आहे. दर शनिवारी तिथे ऑरिनकडे ध्यान शिकायला माणसं जमायची, डोळे मिटून बसायची. ऑरिन म्हणायचे, "पाखराचा आवाज येतोय. आता ऐकणारा शोधा. आवाज कुठे संपतो आणि तुम्ही कुठे सुरू होता?" बिचारी शोधत बसायची. मी नेमका त्या दोघांच्या मधोमध, कानातल्या मळात रुतलेला, पण मला कोण विचारतो! शोधलं मात्र मीही. आवाज येतो, जातो, आत कोणी सापडत नाही. तेवढ्यापुरतं ऑरिनचं बोलणं मला पटायचं.

पण या मंडळींना एक खोड होती. आत कोणी नाहीच, म्हणून 'मी' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं नाही. "भूक लागलीय" म्हणायचं नाही, "भूक जाणवतेय" म्हणायचं. ग्रेटा सुपाचा डाव हातात धरून विचारायची, "मग वाढू कोणाला? भुकेला?" सगळे हसायचे, तीही हसायची. आणि कोणी रडत आलं की ऑरिनचा मऊ आवाजातला एकच प्रश्न ठरलेला, "कोणाला दुखतंय? बघ बरं." खोटं कशाला बोलू, कितीतरी जणांना त्याने खरंच हलकं वाटायचं.

त्या दुपारी घरात दोघंच होती. गॅसवर मसुराचं सूप रटरटत होतं. ग्रेटा डाव टाकून खुर्चीत टेकली. "ऑरिन, छातीत दुखतंय रे."

ऑरिननी सवयीने, अगदी प्रेमाने विचारलं, "कोणाला दुखतंय?"

"झालं याचं सुरू!" ती म्हणाली. पण डोळे मिटलेच तिने. नवऱ्यावर विश्वास होता ना! तेही समोर डोळे मिटून बसले. थोड्या वेळात तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी माझी होती नव्हती ती ताकद लावून तो त्यांच्या कानात ओतला. त्यांना तो ऐकू येत होता, शपथ घेऊन सांगतो. त्यांनी तो पाखरासारखा ऐकला, नुसता आवाज म्हणून. आणि चेहऱ्यावर काय ती शांती! मला हात असते ना, तर मुस्काटात दिली असती.

मग शिट्टी थांबली.

"ग्रेटा? अगं ग्रेटा, मी आहे, मी! माझ्याकडे बघ!" 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अँब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही.

शनिवारी माणसं आली. क्लेमेंट हा त्यांचा जुना शिष्य, मनाने चांगला. त्यांचा हात धरून म्हणाला, "जाणारं होतंच कोण, ऑरिन? कोणीच गेलेलं नाही."

"माझी बायको गेली," ऑरिन म्हणाले. "ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही." मग मला कानातून उपटून खिडकीतल्या बशीत टाकलं. वखारीलाही कुलूप लागलं.

बशीत मी किती दिवस पडून होतो कोण जाणे. धूळ खात तोच विचार करायचो. ऐकणारा शोधून सापडत नाही, हे मला आजही मान्य आहे. पण जिला दुखत होतं ती तर समोरच्या खुर्चीत बसली होती, तिला शोधायचं काय होतं?

आज सकाळी दार इतकं धडधडलं की ऑरिननाही कळलं. क्लेमेंट पोट धरून, वाकून उभा. ऑरिनना त्याचे नुसते ओठ हलताना दिसले, म्हणून त्यांनी मला शोधून, फुंकर मारून कानात घातलं.

"पोटात वेदना जाणवतेय," क्लेमेंट जुन्याच वळणाने म्हणाला. माझी पाचावर धारण बसली. म्हातारा आता काय विचारतो?

ऑरिन त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले. "कुठे? हात ठेवून दाखव."

आता आम्ही गाडीत आहोत. माझी बॅटरी शेवटचे आचके देतेय. हॉस्पिटल येईपर्यंत टिकू दे, एवढंच माझं मागणं आहे, मग खुशाल फेकून द्या मला. क्लेमेंट मागच्या सीटवर कण्हतोय, घाट संपता संपत नाही, आणि ऑरिन गाडी चालवता चालवता मान तिरकी करून, मी आहे तो कान त्याच्याकडे करून म्हणताहेत, "तुला अजून दुखतंय का रे? बोलत राहा. मी ऐकतोय."